गालाजवळचं निरांजन

आमच्या घरात गिल्ली-दांडूचं नाव काढायची सोय नव्हती. बालाघाटात विटीला सगळे गिल्लीच म्हणतात, मराठी घरांतसुद्धा. गल्लीत पोरं खेळायला लागली की आई दारातून ओरडायची, "मैदानात जा रे, इथं काहून मरता?" आणि आत येऊन ती गोष्ट पुन्हा सांगायची. ताई दोन वर्षांची होती, अंगणात बाहुलीला निजवत बसली होती, आणि शेजारच्या पोराने हाणलेली गिल्ली सरळ तिच्या डाव्या डोळ्यात आली. रक्ताने झबलं भिजलं. बाबा तिला उचलून स्टेशनवर पळाले, छोट्या, अरुंद रुळांच्या गाडीने गोंदिया, तिथून नागपूर. डोळा गेला, पोरगी वाचली. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, तरी ते झबलं पिवळं होतं हे मला ठाऊक होतं.

आधीच सांगून टाकते, कारण मला गुपितं सांभाळायचा भयंकर कंटाळा आहे आणि आमच्या घराने ती पुरेशी सांभाळली. गिल्ली कधी लागलीच नव्हती. ताईच्या डोळ्यात कॅन्सर झाला होता. अगदी लहान मुलांच्या डोळ्याच्या पडद्याला होतो, तो. नागपूरच्या डॉक्टरांनी आई-बाबांना तसं स्पष्ट सांगितलं होतं, आणि परतीच्या छोट्या गाडीत, ताई मांडीवर झोपलेली असताना, दोघांनी मिळून गिल्ली ठरवली. मुलीची जात. अपघातात गेलेला डोळा लग्नाच्या बोलणीत कसाबसा खपतो, रोगाने गेलेला खपत नाही. शेजारचं सहा वर्षांचं पोर त्या दिवसांत दिवसभर आमच्या अंगणाशेजारी गिल्ली खेळायचं, म्हणून त्याचं नाव पुढे आलं. त्याच्या बापाने त्याला बडव बडव बडवलं. हे सगळं मला फार उशिरा कळलं. ताईलाही, आणि त्यालाही.

तो पोरगा मोठा होऊन जंगल खात्यात जीप चालवायला लागला. बैहरला असायचा, पण सुट्टी मिळाली की आधी आमच्याकडे. आम्ही त्याला दादा म्हणायचो. ताई त्याला राखी बांधायची. मूल वाढतं तशी डोळ्याची खोबणही वाढते आणि काचेचा डोळा बदलावा लागतो. दर वेळी नागपूरला बाबांसोबत हा दादा जायचा, स्वतःच्या कामासारखा. आमच्या घरात तो कधी खुर्चीवर बसला नाही. उंबऱ्याला टेकून चहा प्यायचा. आई त्याला कपात दोनदा चहा ओतून द्यायची आणि त्याच्याकडे बघायची नाही. मला वाटायचं, आईने अजून त्याला माफ केलेलं नाही. मनातून मी आईला खडूस म्हणायचे.

ताई मात्र मजेशीर बाई होती. काचेचा डोळा काढून वाटीत ठेवायची आणि मला म्हणायची, "मी झोपून राह्यली, पण एक डोळा तुह्यावर हाये बरं." गल्लीतली पोरं तिला घाबरायची आणि तिच्याच मागे मागे फिरायची. मी कॉलेजात बी.एस्सी. करत होते, वाटाण्याच्या शेंगा, उंच झाड, बुटकं झाड, आईबापाकडून काय येतं आणि काय येत नाही, हे सगळं घोकत होते. ताई माझी वही बघून म्हणायची, "यात लिहिलं हाये का, मी बाबांवर गेली का आईवर?" मी म्हणायचे, "तू कुणावरच नाही गेलीस, तू गिल्लीवर गेली." आणि आम्ही दोघी हसायचो.

तिचं लग्न ठरलं तेव्हा बाबा गेलेले होते. मुलगा भरवेलीच्या खाणीत फिटर, कॉलनीत क्वार्टर, स्वभावाने गरीब. त्याची आई बघायला आली. ताईकडे नीट निरखून तिने एकच विचारलं, "जल्माचं तर नाही ना?" आई म्हणाली, "नाही जी. गिल्ली लागली." दादा उंबऱ्यात होता. तो मान खाली घालून म्हणाला, "माह्याच हातून झालं, काकू." त्या बाईंचं लगेच समाधान झालं. इतका खरा साक्षीदार कुठल्या स्थळाला मिळतो?

ताईला पहिला मुलगा झाला. गुबगुबीत, सारखा हसणारा, बापाच्या सायकलच्या दांडीवर बसून कॉलनीभर फिरणारा. दीड वर्षाचा झाला तेव्हा संध्याकाळी दिवे लागले की त्याचा एक डोळा आतून पांढरा चमकायला लागला. कॉलनीतल्या बायका कौतुक करायच्या, मांजरीसारखा डोळा आहे, नशीब काढेल म्हणायच्या. भाऊजींनी ते आमच्या घरी येऊन हसत हसत सांगितलं. आई तांदूळ पाखडत होती. तिने सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "उद्याच नागपूर." कुणालाच कळलं नाही, एवढी घाई कशाला. भाऊजी म्हणाले, पगार झाल्यावर जाऊ. आई त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदा ओरडली. मग तिला ते जावई असल्याचं आठवलं आणि तिने पदर तोंडाला लावला.

नागपूरला आम्ही सगळेच गेलो. ताई, भाऊजी, त्यांची आई, माझी आई आणि मी. डॉक्टर मराठी होते, वयस्कर, बोलायला शांत. त्यांनी मुलाला बेशुद्ध करून तपासलं आणि आम्हाला आत बोलावलं. आजाराचं नाव सांगितलं. डोळा काढावा लागेल म्हणाले, पण रोग डोळ्यामागच्या शिरेत गेला असावा अशी भीतीही सांगितली. मग विचारलं, "दोन्ही घरांत कुणाचा डोळा लहानपणी गेलाय?"

ताई स्वतःच म्हणाली, "माझा गेलाय. पण मले गिल्ली लागली होती."

"किती वर्षांच्या होतात?"

"दोन."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि आईकडे वळले. "आजी, नीट आठवून सांगा. गिल्ली लागायच्या आधी हिच्या डोळ्यात काही पांढरं दिसलं होतं का? मी उगाच विचारत नाही. हा आजार घरातला असला, तर पुढचं प्रत्येक मूल जन्मल्यावर महिन्याच्या आत माझ्यापुढे यायला हवं. लवकर सापडला तर जीवच काय, डोळासुद्धा वाचतो."

इहीणबाई, म्हणजे भाऊजींची आई, माझ्या आईच्या अगदी शेजारी बसल्या होत्या, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या. आई म्हणाली, "नाही जी. गिल्लीच लागली."

"मग हा योगायोग समजायचा," डॉक्टर म्हणाले. "पुढच्या मुलाची तेवढी धास्ती नको. वर्षाचं झालं की एकदा दाखवून जा."

मुलाचा डोळा काढला. पण रोग आत गेलेलाच होता. पुढच्या पावसाळ्यात तो गेला. शेवटी शेवटी तो हसायचा बंद झाला, मग रडायचाही बंद झाला, नुसता ताईच्या गळ्यातल्या काळ्या मण्यांशी चाळा करत पडून राहायचा. भाऊजींनी त्याला उचललं तेव्हा ताईने बोटं सोडली नाहीत आणि पोत तुटली. मणी घरभर पांगले. मी ते वेचत होते आणि मला कळत नव्हतं की हे आता कुणाला द्यायचे. अजूनही ते वेचल्याचं स्वप्न पडलं की दिवसभर माझं डोकं ठिकाणावर नसतं.

त्यानंतर ताईला मुलगी झाली, आमच्याच घरी, माहेरपणाला आलेली असताना. आणि आईचं ते सुरू झालं.

संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की ती निरांजन घेऊन यायची आणि पोरीला ओवाळायची. रोज. वाढदिवस नाही, सण नाही. आणि ओवाळायची तरी कशी? सगळे लोक ताम्हन छातीशी धरून गोल फिरवतात. आई फक्त निरांजन उचलायची, स्वतःच्या गालाजवळ, अगदी डोळ्यालगत धरायची आणि वाकून पोरीच्या तोंडाकडे बघत राहायची. ज्योत फिरायचीच नाही. पोर ज्योतीकडे बघायची. मग आई डाव्या गालाजवळून ते उजव्या गालाजवळ न्यायची आणि पुन्हा बघायची. वीज असली तरी आधी बटण बंद करायची. मी चिडवायचे, "आई, तू ओवाळून राह्यली का पोरीत काही हरवलं ते शोधून राह्यली?" ती म्हणायची, "दृष्ट लागते. एक गेलं आपलं." ताई भरवेलीला परत गेल्यावर आई दर मंगळवारी आणि शनिवारी, दृष्टीचे वार म्हणून, बसने तिकडे जायला लागली, पिशवीत वाती आणि तुपाची डबी घेऊन. इहीणबाई खूश होत्या. नातीवर एवढी माया करणारी आजी त्यांनी पाहिली नव्हती.

आई दिव्याच्या उजेडात तो पांढरा डाग शोधत होती. ताईच्या डोळ्यात तिला तो तसाच दिसला होता, गालाजवळ दिवा धरल्यावर. तिने मनाशी हिशेब केला होता की आपणच रोज बघायचं, दिसलं की त्याच दिवशी नागपूरला न्यायचं, काहीतरी निमित्त काढायचं. म्हणजे पोरही वाचेल आणि लेकीचा संसारही. एकदा तिने चाचपडून बघितलंही. म्हणाली, "एक डाव नागपूरले दाखवून आणू का पोरीले?" इहीणबाई एकदम बिथरल्या. "चांगल्या लेकराले दवाखाना दाखवता? एक खाल्ला त्या दवाखान्यानं." ताईही तोंड फिरवून बसली, तिला त्या इमारतीत पाय ठेववत नव्हता. डॉक्टरांनीच तर वर्षाचं झाल्यावर या म्हटलं होतं. आईकडे बोलायला एकच वाक्य होतं, आणि ते तिने गिळलं.

एका शनिवारी मीही तिच्याबरोबर भरवेलीला गेले होते. पोर दहा महिन्यांची झाली होती, धरून धरून उभी राहायची. खोलीत अंधार केला. आईने निरांजन गालाजवळ धरलं, डावीकडून उजवीकडे नेलं, आणि तिचा हात तसाच थांबला. तूप कलंडून तिच्या मनगटावर सांडलं तरी तिला कळलं नाही. मी तिच्या मागेच होते, वाकून पाहिलं. पोरीच्या डाव्या डोळ्यात दुधाचा थेंब असावा तसं काहीतरी चमकत होतं.

भाऊजींनी दिवा लावला. आई तिथेच खाली बसली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "गिल्ली लागलीच नव्हती."

आधी कुणालाच काही समजलं नाही. मग तिने सगळं सांगितलं. नागपूरचे पहिले डॉक्टर, छोटी गाडी, बाबांचं आणि तिचं ठरलेलं. बोलताना ती फक्त इहीणबाईंकडे बघत होती, जणू न्याय त्यांनीच करायचा आहे. इहीणबाईंनी पोरीला उचलून स्वतःच्या मांडीवर घेतलं. भाऊजी म्हणाले, "मले सांगितलं असतं तरी मी लग्न केलंच असतं." एवढंच बोलून ते बाहेर गेले. सायकलला टेकून उभे राहिले, बसलेही नाहीत, कुठे गेलेही नाहीत. मला वाटतं आईला त्या एका वाक्याने जितकं मारलं तितकं शिव्यांनी मारलं नसतं.

ताई सगळ्यात शेवटी बोलली. तिचा आवाज अगदी खाली गेला होता. "माह्या पोराच्या वेळी सांगितलं नाही ते जाऊ दे. तो जाणारच होता. पण डॉक्टर बोलले तेव्हा तू ऐकलं ना, आई? महिन्याच्या आत आणा म्हणे. ऐकलं ना तू?"

आई म्हणाली, "हौ."

"आणि मग दिवा घेऊन बसली?"

आईने पुन्हा हौ म्हटलं. त्या वेळी मला तिला गदागदा हलवावंसं वाटलं, आणि त्याच वेळी तिचं भाजलेलं मनगट पाण्यात धरावंसं वाटलं. मी दोन्हीपैकी काहीच केलं नाही. दादाला निरोप पाठवला. तो पहाटेच जीप घेऊन आला आणि आम्हाला गोंदियाला सोडून मुकाट्याने परत गेला. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.

डॉक्टर तेच होते. ऐकून घेतल्यावर त्यांनी आईला एका शब्दानेही बोल लावला नाही. उलट ताईला आणि मला समजावून सांगत बसले. म्हणाले, शरीराच्या प्रत्येक पेशीत वाढ आवरणारा एक जीन असतो आणि तो जोडीने असतो, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. दाराला वर-खाली दोन कड्या असाव्यात तसं. एक निघाली तरी दुसरी दार धरून ठेवते. ताईला एक कडी जन्मापासूनच नव्हती, आणि तिची मुलंही तशीच जन्मली. मग डोळा वाढत असताना कुठल्यातरी एका पेशीतली उरलेली कडी निसटते, आणि तेवढं पुरतं. तो जीन नेमका कुठला, हे शास्त्रज्ञांना आता-आताच सापडलंय, असंही ते म्हणाले, आणि ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर आनंद आला. मला त्यांचा राग नाही आला. वाटाणे घोकणाऱ्या मला तोवर वाटायचं की कॅन्सर म्हणजे बाहेरून काहीतरी आत शिरतं. इथे तर कुणी शिरलंच नव्हतं. थांबवणारं जे असायला हवं होतं, तेच नव्हतं.

त्यांनी माझेही डोळे तपासले, बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून. काही नव्हतं. एकाच आईची आम्ही दोघी, आणि माझ्या डोळ्यांत काही नव्हतं. मला ताईकडे बघवेना, आणि थेंबांमुळे नीट दिसतही नव्हतं.

ताईने विचारलं, "महिन्याची असताना आणली असती तर?"

डॉक्टर खोटं बोलले तर बरं, असं मला वाटलं. पण त्यांनी तसं केलं नाही. "ठिपका बारीक असता. जाळता आला असता. डोळा बहुतेक राहिला असता."

पोरीचा डावा डोळा काढला. उजव्यातही एक छोटा ठिपका निघाला, तो जाळला. दर दोन महिन्यांनी आणा म्हणाले. जीव वाचेल असं वाटतंय म्हणाले.

आम्ही परत आलो तेव्हा दादा स्टेशनवर उभा होता. घरी आल्यावर ताईने त्याला आत बोलावलं आणि खुर्ची पुढे केली. तो नेहमीसारखा उंबऱ्यालाच टेकला. ताईने त्याला सांगितलं. हळू सांगितलं, दोनदा सांगितलं. मला वाटलं, हा आता आईवर धावून जाईल, किंवा निदान रडेल, सुटल्यासारखं वाटेल त्याला. तो स्वतःच्या हाताकडे बघायला लागला.

"पण मले तं आवाज आठवते," तो म्हणाला. "गिल्ली लागल्याचा. तू ओरडली तो. तुहं पिवळं झबलं आठवते."

"नाही झालं तसं, दादा."

"मग मले कशाचं आठवते?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, त्याच्यासमोर खाली बसली आणि तिने त्याचे पाय धरले. तो दचकून उठला, "काकू, काहून, काकू", असं म्हणत मागे मागे सरकला आणि चप्पल न घालताच निघून गेला. मग पुष्कळ दिवस तो आमच्याकडे आला नाही. राखीला आला. तेव्हाही उंबऱ्यालाच बसला. सवयच, म्हणाला.

पोरीचा पहिला वाढदिवस भरवेलीच्या क्वार्टरमध्ये केला. ताईची इच्छा नव्हती, पण भाऊजींनी ऐकलं नाही. कॉलनीतल्या बायका आल्या. पोरीच्या डोळ्यावर अजून पट्टी होती. एका बाईने हळहळत विचारलं, काय झालं हो लेकराले? ताई आतून शिरा आणत होती. तिच्या आधी इहीणबाई बोलल्या. पोरीला जवळ ओढून घेत, अगदी सहज म्हणाल्या, "पाळण्यातून पडली. खिळा लागला."

मी आईकडे बघितलं. आईने डोळे मिटून घेतले होते. दोघींपैकी कुणीही मनाने वाईट नव्हती, हे मला तिथे बसल्या बसल्या समजलं, आणि ते समजून मला आणखीच रडू आलं. वर्षाच्या पोरीच्या लग्नाची सोय लावणं सुरूही झालं होतं.

ताईने शिऱ्याचं ताट खाली ठेवलं. "पडली नाही," ती म्हणाली. "माह्याकडून आलं तिले. माझाही डोळा त्यानंच गेला, माझा पोरगाही त्यानंच गेला. हिले लेकरू झालं तं पहिल्या महिन्यात नागपूरले न्यायचं हाये. तुम्ही सगळ्याजणींनी ध्यानात ठेवा. मी नसली तर तुम्ही सांगा तिले."

एकीने मान हलवली. इहीणबाई भिंतीकडे बघत होत्या, पण पोरीला त्यांनी मांडीवरून खाली ठेवलं नाही.

मग ताई आईकडे वळली. त्या दिवसापासून ती आईशी कामापुरतंच बोलत होती. "ओवाळ तिले," ती म्हणाली.

आईने ताम्हन घेतलं. तिच्या मनगटावरचा डाग अजून लालसर होता. मी बटणाकडे हात नेला, पण तिने मान हलवून नको म्हटलं. दिवा चालू ठेवूनच तिने ताम्हन दोन्ही हातांत, सगळे धरतात तसं छातीशी धरलं आणि गोल फिरवायला लागली. तिने पोरीच्या डोळ्यात बघितलं नाही. बघण्यासारखं तिच्यासाठी आता काही उरलं नव्हतं, ते काम दवाखान्याकडे गेलं होतं. ती खाली पोरीच्या पायांकडे बघत ओवाळत राहिली, आणि पोर उरलेल्या एका डोळ्याने ज्योतीच्या मागे मान फिरवत, हसत होती.